पाच जोड हातमोजे

आईस सोक-जूचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू विणलेले पाच जोड हातमोजे पोचले. मी ते वर्गातल्या माझ्या पाच जणांच्या गटात वाटले, तिथेच चुकलो.

बाजारातल्या आजींसाठी स्टूल बनवायचा प्रकल्प आहे. कोणत्या गटाने कोणत्या राज्यपद्धतीने कारभार करायचा, याच्या सरांनी चिठ्ठ्या काढायला लावल्या; आम्हाला लोकशाही आली, म्हणून सगळे हात वर करून ठरते.

हातमोजे घालून ड्रिल चालवले तर लोकर अडकून हात आत ओढला जातो, हा नियम मी गटाचा सुरक्षामंत्री म्हणून दोनदा वाचून दाखवला. गटातला बोम-सू म्हणाला, "सुरक्षामंत्री, वापरणाऱ्याची अडचण आधी ऐकायची, हा प्रकल्पाचा पहिलाच धडा ना? माझी बोटं गारठलीत!" हात वर झाले: चार विरुद्ध एक, हातमोजे घालायचे ठरले.

सर अजून आलेले नाहीत. बोम-सू हातमोजे घालून ड्रिल चालवतो आहे. मी डावा हात बंद करायच्या बटणावर ठेवून लिहितो आहे.

आई, तुझी वीण सहज तुटत नाही, याचीच भीती वाटते.

तुझा,
सोक-जू