घरात तंगी आलीय

७ जुलै, सोमवार
शनिवारपर्यंत मायनर सांगायचाय! कॉम्प्युटर सायन्स तर आहेच, त्याच्या जोडीला दुसरा विषय कुठला — संख्याशास्त्र की कन्नड? बाबांनी पेपरातून मान वर न करता सांगून टाकलं, "संख्याशास्त्र घे. नोकरी लागंल." माझ्या मैत्रिणीनं, अंकितानं तेच घेतलंय. अख्खा वर्ग तेच घेतोय. मग कन्नड डोक्यातून जात का नाही?

८ जुलै
लॅबमध्ये प्रोग्रॅम चालेना. मी चालवलाच नाही म्हणा. खिडकीबाहेर बघत बसले. वाटलं, आईचं बोलणं कळेल असं एखादं यंत्र आपण करावं. आई अक्कलकोटची — वाक्य मराठीत सुरू करते, कन्नडमध्ये संपवते, मध्ये कुठं वळली ते तिचं तिलाही कळत नाही. बाबा नातेपुत्याचे, त्यांना कन्नडचा गंध नाही. मी मधली. कळतं सगळं, बोलायला गेले की जीभ अडखळते. त्या यंत्राला पहिल्यांदा काय शिकवीन? आईची हाक, बहुतेक... मॅडम म्हणे "देवयानी, देवयानी" करून थकल्या. ऐकू आलं असेल तर शपथ!

१० जुलै
हसून हसून पोट दुखतंय! बसम्मा मावशी आलीय. आईनं भिशीच्या ग्रुपवर मेसेज टाकला — "आज येत नाही, घरात तंगी आलीय." कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. भिशीतल्या बायकांना काय माहीत! थोड्या वेळानं शेजारच्या सरोजिनी काकू दारात, हातात ज्वारीच्या पिठाचा डबा. हळूच म्हणतात, "लाजू नका वहिनी, दिवस काय सारखे राहत नाहीत." आणि आत तंगी स्वतः मांडी ठोकून शेंगाचटणी-भाकरी हाणतेय!

आई आणि मावशी रात्रीपर्यंत कन्नडमध्ये एकेक भर घालत होत्या, आणि मी मध्ये लोळत होते. बाबा ऑफिसातून आले. "काय झालं एवढं?" हसण्यात कुणाला सांगताच येईना. ते ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसले.

मेसेज चुकला नव्हता. काकूही चुकल्या नव्हत्या. एकच शब्द, इकडं बहीण आणि तिकडं ओढाताण! हेच शिकायचंय मला. ठरलं.

११ जुलै
बाबांना सांगितलं. "कानडी? त्ये तर तुझ्या आईला येतंच की!" मी म्हटलं, यंत्राला शिकवायची तर आधी मला नीट यायला हवी, लिपीसकट. "घे जा काय घ्यायचं ते." या वाक्याचा आमच्या घरातला अर्थ — घेऊ नकोस. राग आलाय मला. खूप. नोकरी, नोकरी, नोकरी!

१२ जुलै
कन्नड घेतलं! येताना स्टँडवर अक्कलकोटच्या एसटीतून बायका उतरत होत्या. त्यांच्या बोलण्यामागं चालत चालत कुठल्या कुठं गेले. घर मागं राहिलं ते नंतर कळलं.

१३ जुलै, रविवार
मावशी गेली. गच्चीवर मी आणि बाबा वाळलेले कपडे काढत होतो. ते चादरीपलीकडून म्हणाले, "नोकरी काय, कशानंबी लागली असती गं. या घरात माझ्याकडची तू एकटी होतीस. आता तूबी तिकडं गेल्यावर मी कुणाला इचारू, कशाला हसताय म्हणून?"