कडीबंद खोलीतल्या गोधड्या

मी, डोमाजी उकंडाजी थूल, वय अंदाजे बावन्न, धर्म बौद्ध, राहणार नेर, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र तोंडी सांगतो आणि सेवादास गुरुजी लिहून घेतात. कमरेखालचा देह गेला आहे, डोके जागेवर आहे. कोणाच्या धाकाने सांगत नाही. धाक होता तो आजवर न सांगण्याचा. या घरातल्या गोधड्या कोणाच्या हातच्या, हे मरण्याआधी उघड व्हावे म्हणून सांगतो.

१. जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या रुईची गाठ कमरेवर पडली तेव्हापासून मी या खाटेवर आहे. छपन्न साली अवघी वस्ती पांढरे नेसून दीक्षेला नागपूरला गेली, तेव्हाही इथेच होतो. परत आल्यावर माझी बायको मथुरा हिने खाटेशी बसून माझ्याकडून पंचशील म्हणवून घेतले. म्हणून माझ्यामागे पिंड, तेरावी काही करू नये. वंदना म्हणावी आणि दार उघडे ठेवावे.

२. घर दोघा भावांचे. माझ्या वाट्याची ही खोली व अर्धी पडवी मथुरेला देतो. तिच्यानंतर मुकुटबनला दिलेली लेक बेबी हिला. थोरला भाऊ बळीराम याचा या खोलीवर हक्क नाही, बाहेरच्या कडीवर तर नाहीच. ती त्याने बसवली. मी गोधडी शिवतो हे कळल्यावर म्हणाला, "डोम्या, माणूस सुई घेऊन बसते हे लोकायले समजलं, तं माह्या पोरीले पाहाले कोन येईन?" पोरीचे लग्न झाले, तिला लेकरे झाली. तरी पडवीत कोणी आले की कडी लागतेच. "दादा, आता कायले लावतं?" असे मी विचारले. कडी वाजते म्हणून त्याने तिला तेल घातले.

३. आता हे नीट लिहा, गुरुजी. बाया जमिनीवर लुगडे पसरून त्यावर बसतात आणि काठापासून आत, गोल सरकत टाके घालत येतात. मला कूस बदलायला दुसरे माणूस लागते, मी कुठला सरकणार? म्हणून छातीवर मावेल एवढा चौकोन धरला. अस्तर, मधले थर, वरचे ठिगळ, सगळे त्या चौकोनातच शिवून पुरे करायचे, आणि असे चौकोन मग एकमेकांना जोडायचे. पहिली गोधडी वाळत घातलेल्या पापडासारखी वाकडी झाली. कात्रीने कापलेले कापड तिरपे ओढले जाते, म्हणून फाडून पाहिले. फाडलेले धाग्याच्या रेषेत येते. तरी कोपरे जुळेनात. कोपऱ्यापासून जोडत गेलो की शेवटी एक बाजू उरायचीच. पुढे सुचले, की दोन्ही बाजूंचे मध्य आधी टाचावेत आणि तिथून कोपऱ्यांकडे जावे. जुळले. मी मोठ्याने हसलो, तर बळीरामने बाहेरून विचारले काय झाले. मी खोकला सांगितला.

४. गोधड्या गेल्या मथुरेच्या नावावर. गेल्या साली महिला मंडळाच्या विमलताईंनी एक यवतमाळच्या प्रदर्शनात नेली, तिला पहिला नंबर मिळाला. त्याचा कागद पडवीत लावला आहे म्हणतात, मी पाहिलेला नाही. मग बाया शिकायला आल्या. कडी लागली. मथुरेचा आवाज आला, "आंधी कोपरा धराचा, मंग सरळ जाचं." सपशेल चूक. मी चादर दातात धरली. त्या सगळ्या बायांच्या गोधड्या वाकड्या झाल्या असतील, माझा इलाज नव्हता. मथुरेवर राग नाही असे म्हणवत नाही. तीही माझ्यासोबत या कडीत अडकली आहे हे समजते, तरी राग आहे.

५. सुया, कात्री, बोटातली पितळी टोपी मथुरेला. तिचे दीक्षेचे पांढरे लुगडे विरले, त्याचे चौकोन करून गोधडी केली आहे. ती विकू नये, माझ्यावर घालावी. बळीरामला कडी द्यावी, उपटून.

६. एवढ्याशा चीजवस्तूला मृत्युपत्र कायले, असे बळीराम विचारतो. गुरुजी मला म्हणाले होते की सही करताना दोन साक्षीदारांनी समोर राहून पाहावे लागते. समोर म्हणजे या खोलीत. म्हणून हा सारा खटाटोप. सहीआधी मी त्यांच्यापुढे शिवणार आहे.

सही: डोमाजी उकंडाजी थूल

लिहिणाऱ्याची नोंद: डोमाजींनी विमलताईंसमोर दोन चौकोन मधून जोडून दाखवले. विमलताईंनी कोपरा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. दुसरे साक्षीदार किसनराव दारात बळीरामला पाहून माघारी गेले. लिहिणाऱ्याने साक्ष देण्याची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे काम अडले. तेव्हा मथुराबाई आत आल्या व मी साक्ष देते म्हणाल्या. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्ष देऊ नये, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग माहा वाटा खोडा, गुरुजी, बेबीच्या नावानं लिहा. यायले शिवताना माह्याबिगर पाह्यलं कोनं?" त्याप्रमाणे वर कलम २ व ५ मध्ये जिथे मथुरेला असे लिहिले आहे, तिथे बेबीला असे वाचावे. डोमाजींनी हरकत घेतली. मथुराबाईंनी ऐकले नाही. मग डोमाजींनी दोघींसमोर सही केली.

लिहिणार: सेवादास राठोड, शिक्षक

साक्षीदार:
१. विमलताई कडू
२. मथुराबाई डोमाजी थूल, डाव्या अंगठ्याचा ठसा

ठिकाण: नेर, डोमाजी थूल यांची खोली, दार उघडे.
दिनांक: २२ नोव्हेंबर १९६३