काळ्या जाळीची कुंची

ता. ९, बुधवार

धाकल्या भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. वयानं तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असले तरी मानानं मोठी आहे, तेव्हा मुकाट्यानं घ्या.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, तोंडाला मात्र काही झालेलं नाही. मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला.

सोबत कुंची पाठवतेय. हसू नका, बाळाला घालतात तशीच दिसते, पण मधमाश्यांना तुमचं कौतुक नाही. कापड जाडं सुती, शिवण दुहेरी. टोपीच्या काठात तार घातलीय, म्हणजे जाळी नाकाला टेकणार नाही. तुमच्या घराण्याचं नाक, त्यामुळे तार बोटभर जास्तच लागली. नाडी काखेतून घेऊन पुढे आवळा. गळ्याशी बोट शिरलं तर माशीही शिरेल.

समोरची जाळी काळी आहे. तोंड कोळशाच्या पोत्यातून काढल्यासारखं दिसेल. दिसू दे.

परवा सुतार आला होता. म्हणाला, सहा वर्षांनी तुम्ही पुन्हा मधमाश्यांच्या पेट्या घेतल्यात. येत्या शनिवारी गोदामाच्या छपराखालचं मोहोळ उतरवणार आहात. शिडी धरायला कुणालाच बोलावत नाही, आणि डोक्यावर ह्यांची जुनी पांढरी कुंची घालणार. भावाची आठवण आहे, तीच घालणार म्हणे. ऐकलं आणि माझा हात मशीनच्या चाकावरच राहिला.

भाऊजी, ती घालू नका. शनिवारी नाही, कधीच नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तुम्ही हट्टी. कारण कळल्याशिवाय भावाची वस्तू सोडायचे नाहीत.

ती मीच शिवली होती. ह्यांनी काळी जाळी आणून दिलेली. मी म्हटलं, ही लावून चोरासारखे दिसाल, आणि घरातली पांढरी लावून मोकळी झाले. सावलीत काही जाणवायचं नाही. समोरून ऊन आलं की त्या पांढऱ्या जाळीची डोळ्यांपुढे चुन्याची भिंत होते. हे मला आज कळलेलं नाही. ते शिडीवरून पडून गेले, त्याच्या आदल्याच संध्याकाळी म्हणाले, "उन्हात हिच्यातून नीट दिसत नाही गं. काळी लावून दे."

मी म्हटलं, "लग्नाला बारा वर्षं झाली, आता काय बघायचं राहिलंय?"

हे हसले. मीही हसले. जाळी तशीच राहिली.

सकाळी चढताना ऊन समोर होतं. वरच्या पायरीवर पाय पडलाच नाही, पायरीच्या शेजारी पडला. मी दारातून बघत होते. शिडी हलली नव्हती, भाऊजी. तुम्ही ती दोन्ही हातांनी धरली होती.

मग सासूबाई तुम्हाला म्हणाल्या, तुझ्याच हातून शिडी सुटली. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत आणि घर सोडलंत. आता तर तुम्हालाही तसंच वाटायला लागलंय, म्हणून तर शिडीपाशी कुणाला येऊ देत नाही. मी तिथेच बसले होते. लोक म्हणाले, बिचारीची वाचा गेली. कसली जातेय? साऱ्या गल्लीची टिंगल करते, हे तेवढं तोंडातून निघालं नाही.

सुतार उद्या तिकडे निघालाय, त्याच्याच हाती हे सगळं देते. पण आधी पत्र सासूबाईंना वाचून दाखवणार आहे. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

वाचलं.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोनदा हाक मारली तरी वळल्या नाहीत. मी आपली दोऱ्याची टोकं कापत बसले, कापायची राहिली नव्हती तरी. मग वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्याला आधी घरी ये म्हणून लिही. तुझं मग बघते."

म्हणून लिहिते. शनिवारी सुताराला शिडी धरू द्या. मोहोळ उतरवा आणि घरी या. दार मी उघडीन. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला, मी मध्ये एक शब्द घालणार नाही.

तुमची,
वहिनी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.