योस्टच्या रक्ताचा वारस

मंगळवार, ११ जून १९९६. मोगादिशू

योस्टला काल विमानानं नेलं. नैरोबी, तिथून हॉलंड, त्याच्या घरी.

रेडिओ सांगतो— 'चकमकीत सापडून डच वार्ताहर ठार.' खोटं! चकमक नव्हतीच. उंटांच्या बाजारात एका पोरगेल्या माणसानं कॅमेरा मागितला. योस्टनं दिला नाही. त्यानं बंदूक उचलली. गोळी एकच. मी शेजारी उभा होतो. रक्तानं भरलेला सदरा धुवायला माझी बायको दहबो मागते आहे. मी देत नाही.

वर माझा उल्लेख काय, तर 'स्थानिक वाटाड्या'! मी वाटाड्या नाही. यजमान. तो माझ्या घरी जेवला, माझ्या भाऊबंदांच्या बंदुकांआड फिरला. माझा पाहुणा होता तो. इंग्रजी मी शाळेत नाही शिकलो, ह्याच रेडिओसमोर बसून शिकलो. कुठला शब्द कुठे बसतो ते मला कळतं.

गुरुवार, १३ जून

मोरीतून योस्टचा खोकला ऐकू आला. दहबोनंही ऐकला. "बकरी असेल," म्हणाली.

आमच्याकडे बकरी नाही.

शनिवार, १५ जून

लायबेरिया, रवांडा— कुठकुठली युद्धं पाहून आलेला माणूस. पण 'दहा ठार' एवढं लिहून त्याचं कधी भागलं नाही. नाव विचारायचा. बापाचं नाव विचारायचा. बायका रडणं थांबवून सांगायच्या. बाजारातले लोक त्याला उंटमान्या म्हणत— मान होतीच तशी— तर हा ती आणखी ताणून दाखवायचा!

मारणारा कोण ते अख्ख्या बाजाराला माहीत आहे. बोलत कोणी नाही. गोऱ्याचं रक्त मागायला येणार कोण?

मी येणार.

सोमवार, १७ जून

बाभळीखाली बैठक झाली. एका बाजूला त्यांच्या कुळाचे म्हातारे, समोर आमचे. चहा झाला. त्यांचा हाजी रूबले दातण चावत म्हणाला, "इल्मी, तुझ्या उंटमान्याचे बाप मोज बघू. ज्याला कूळ नाही त्याचं रक्त कसलं मागतोस?"

मला दोनच ठाऊक होते. पीटर. त्याचा बाप हेंड्रिक.

हशा! "दोनच? अरे, माझ्या उंटिणीच्या ह्याहून जास्त पिढ्या मला पाठ आहेत!"

मी उभा राहिलो. म्हटलं, "मग नीट ऐक. योस्ट हा इल्मीचा भाऊ. इल्मी गुलेदचा. गुलेद रागेचा. रागे सम्तरचा..." असे माझे सगळे बाप मोजले, मूळपुरुषापर्यंत. एका ठिकाणी अडखळलो नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. 'नाही' कोणी म्हटलं नाही. म्हणजे झाला तो आमचा.

हाजीनं दातण थुंकलं. "खलीफनं मारलं. माझ्या भावाचा नातू. रिवाजाप्रमाणे रक्ताच्या बदल्यात उंट घे, इल्मी, आणि मिटव."

"उंट नकोत. जीव."

ठरलं. शुक्रवारी नमाजानंतर खलीफला आमच्या हवाली करतील.

मंगळवार, १८ जून

चुलतभाऊ बंदुकांना तेल देतायत. "प्रोफेसर, पहिली गोळी तुझी हं! का आधी पुस्तकात बघणार?" मी हसलो नाही. दहबो माझ्याशी बोलत नाही.

योस्ट दारात उभा दिसला. हातात पेन्सिल. काहीतरी विचारलं. आवाज आला नाही, पण तो काय विचारतो मला माहीत आहे. तो सगळ्या मेलेल्यांबद्दल तेच विचारायचा. खलीफ तर अजून जिवंत आहे!

बुधवार, १९ जून

दुपारी घरी आलो. अंगणात चटईवर खलीफ! एकटा. बंदूक नाही. समोर रिकामा वाडगा, ओठांवर दुधाची पांढरी रेघ.

आमच्या घरचं दूध ज्याच्या पोटात गेलं त्याला हात लावायचा नाही. दुसरा कोणी लावू लागला तर आपण आडवं पडायचं. योस्टसाठी हेच तर मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो!

"का आलास?"

"शुक्रवारपर्यंत दम निघेना, काका."

"कॅमेऱ्यासाठी माणूस मारलास."

"त्याचं विचारायला कोणी येईल असं वाटलं नाही."

आत जाऊन दहबोवर ओरडलो— "कोण, कुठला, विचारायचं नाही?"

"तहानलेल्याला आधी दूध, मग नाव. सासूबाईंनीच शिकवलंय," ती म्हणाली आणि वाडगा घासायला घेतला.

बाहेर चुलतभाऊ जमलेत. त्यांच्यामधून ह्याला त्याच्या वस्तीत सुखरूप न्यायचं. मीच! दुसरं कोण नेणार?

गुरुवार, २० जून

पोचवला. अंगाला अंग लावून चाललो, गोळी आलीच तर दोघांना लागावी म्हणून. चुलतभाऊ थुंकले. "गोऱ्याचाही भाऊ, खुन्याचाही भाऊ! वा रे प्रोफेसर!" कोणी चाप ओढला नाही.

सबंध रस्ताभर मागून खोकला येत होता. मी वळून पाहिलं नाही.

उंट घ्यावे लागतील. हॉलंडला कसे पाठवू?

शुक्रवार, २१ जून

सकाळी दहबो तव्यावरून अंबोळी उतरवता उतरवता म्हणाली, माझ्याकडे न बघता—

"त्या पोरानं दारातच नाव सांगितलं होतं. मगच मी दूध आणलं."