मनोऱ्याजवळचं पाणी

४ ऑगस्ट, सोमवार

बाबांशी भांडण. पुन्हा! विषय तोच — तलाव.

सकाळी नेहमीसारखी पाणीपुरवठा खात्याची होडी घेऊन नमुना घ्यायला मनोऱ्यापाशी गेले. तलावाच्या मधोमध उभा हा मनोरा. गावाच्या नळांना पाणी इथूनच ओढलं जातं. नेहमीच्या जागी बाटली बुडवली. पाणी चांगलं होतं. परत फिरताना मात्र पूर्वेचा काठ दिसला. काठभर हिरवा थर, रंगाचा डबा कलंडल्यासारखा. आणि वास असा की सकाळचा चहा वर यायला लागला.

घरी एवढंच म्हटलं, "ओढ्याच्या तोंडाशी पाणकणसं होती तेव्हा असलं काही होत नव्हतं." संपलं! बाबांनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे तलाव मी नासवला?"

मग काय मी नासवला? मार्चमध्ये त्यांच्या तलाव समितीने सगळी पाणकणसं, पाण्यातलं ते उंच गवत, मुळासकट उपटली. तलाव 'साफ' दिसला पाहिजे म्हणून. हातमोजे, टोप्या, फोटो, सगळा थाट. वरच्या गोठ्यांचं शेणपाणी आणि शेतांतलं खत ओढ्यातून येतं. तेच अडवून, पिऊन ती पाणकणसं जगत होती. आता ते सगळं थेट तलावात. निळ्या-हिरव्या शेवाळाला आयतं पान वाढलंय. तेव्हाच सांगत होते मी. पण घरच्या माणसाचं ऐकायचं नाही असा आमच्याकडे नियमच आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

शेजारच्या काकूंचा कुत्रा गेला. काल काठावर पाणी प्यायला, रात्रीपासून तोंडाला फेस. काकू म्हणतात ऊन लागलं. बिचाऱ्या रडत होत्या.

कामावर जाताना पूर्वेच्या काठाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. साहेबांनी बाटलीला हातही लावला नाही.

"ही आपली जागा नाही. नमुना मनोऱ्याचा घ्यायचा, सोमवारी सकाळी. मी लागलो तेव्हापासून असंच आहे."

"साहेब, वारा सगळं शेवाळ पूर्वेला ढकलतोय. मधे काय सापडणार? जळतंय स्वयंपाकघरात आणि आपण दिवाणखान्यात उभं राहून वास घेतोय."

शेवाळात विष आहे की नाही हे आमच्याकडे कळत नाही. नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि त्यावर साहेबांची सही लागते. मी टेबलापाशी उभीच राहिले. शेवटी म्हणाले, "पाठव बाई. डोकं नको खाऊस." दोन्ही बाटल्या पाठवल्या — काठाची आणि कालची मनोऱ्याची.

रविवारी बाबांच्या समितीची पोहण्याची स्पर्धा आहे. सुरुवात पूर्वेच्या काठावरून. निम्मी तर शाळेतली पोरं. निकाल त्याच्या आधी यायलाच हवा.

६ ऑगस्ट

निकाल नाही. बाबा रोजच्यासारखे पोहून आले. ओले केस, तोंडात शीळ. सगळं मला दाखवायला!

७ ऑगस्ट, गुरुवार

बाबांच्या अंगावर पुरळ उठलंय. पोटही बिघडलंय. म्हणे डास चावले.

आई म्हणाली, "चड्डीच्या आत शिरून? भलतेच निर्लज्ज डास आहेत मग."

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. सत्तरीचा माणूस आहे. हट्टाने उद्याही पाण्यात उतरेल. मी दारात आडवी पडू का?

प्रयोगशाळेला फोन केला. उद्या सांगतो म्हणाले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल आला. काठाच्या पाण्यात विष आहे, आणि भरपूर आहे. मनोऱ्याच्या पाण्यात काही नाही. खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. नळाचं पाणी वाचलं! आमचं केंद्र पाणी गाळतं, जंतू मारतं, पण हे विष तिथे अडत नाही. मनोऱ्यात सापडलं असतं तर सगळं गाव पीत बसलं असतं.

साहेब काठ बंद करायला तयार झाले, पण अट घातली. "संध्याकाळी गावाची सभा बोलावतो, तिथे तूच बोल. आणि नळाचं पाणी उत्तम आहे हे ठणकावून सांग. लोक घाबरले की पहिला फोन मला येतो." यात माझं काय जातंय? खरंच तर आहे.

शाळेचा हॉल खचाखच भरला होता. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी सांगितलं — काठ बंद, पोहणं बंद, स्पर्धा रद्द. ओढ्याच्या तोंडाची पाणकणसं गेल्यामुळे हे झालं, तेही सांगितलं. माझा आवाज चिरकत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "बापलेकीचं भांडण घरी मिटवा!" बाबा मान खाली घालून बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एका बाईने विचारलं, "आणि नळाचं पाणी?" कडेवर बाळ होतं तिच्या.

"नळाचं बिनधास्त प्या," मी म्हटलं. "मी स्वतः तपासून घेतलंय. आम्ही घरी तेच पितो."

बाबा माझ्याकडे न बघता निघून गेले.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी बाबा स्वयंपाकघरात येऊन बसले. पोहायला गेले नव्हते. बराच वेळ कप नुसता फिरवत राहिले.

"मी उपटली, नाही का गं?"

"हो बाबा," म्हटलं.

"चांगलं करायला गेलो होतो."

"माहितीये मला."

एवढंच बोलणं झालं. मग ते उठले, काठावर गेले आणि स्पर्धेचा फलक स्वतः उतरवला. दुपारभर तिथेच उभं राहून लोकांना परत पाठवत होते म्हणे. कुणी वाद घातला की त्यांचं एकच — "माझी मुलगी त्याच खात्यात आहे. तिला कळतं." काकूंनी सांगितलं हे. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असं कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी वारा फिरला. वास एकदम गेला. काठही म्हणे बराच मोकळा झालाय. बरं वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार

गावात अफवा उठली आहे की नळाचं पाणीही बाधलंय. दुकानांतल्या बाटल्या संपल्या. बाबांनी ते मनावर घेतलं. समितीची माणसं गोळा करून सकाळपासून दारोदार फिरतायत. आई म्हणते, निवडणुकीला उभे राहिलेत जणू. अंगावरचं पुरळ अजून गेलेलं नाही, पण चेहरा खुललाय. जेवायला आले तेव्हा म्हणाले, "तुझा शब्द पोचवतोय घरोघरी."

किती दिवसांनी आम्ही एकत्र जेवलो.

११ ऑगस्ट, सोमवार

मनोऱ्याभोवती सगळं हिरवं आहे. काठावरचं शेवाळ वाऱ्याने मधे आणून ठेवलंय, शनिवारीच. दोन दिवस गाव हे पितंय. साहेबांना नळ बंद करायला लावले. पण टाक्या भरलेल्या आहेत, घागरी भरलेल्या आहेत. उकळूनही हे विष जात नाही.

बाबा फोन उचलत नाहीत. आई म्हणते, वरच्या गल्लीत गेलेत, तान्ही पोरं असलेल्या घरांत. तिथले लोक अजून घाबरतात, म्हणून समोर बसून पाजतायत. आधी स्वतः एक पेला पितात, मग म्हणतात, माझ्या मुलीनं सांगितलंय.