डेल क्रोकरचे कार्ड आणि माझी इतर मालमत्ता

मी, कॉरिन मे व्हँडरलूप, वय सव्वीस, कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, राहणार किंबर्ली, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. धोका लहान आहे, शून्य नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतील शिल्लक आणि मोटार आईला. मोटारीचा दुसरा गिअर अडखळतो. जोर लावू नये.

२. मायक्रोमीटर आणि भिंग माझी सहकारी रूथ-अ‍ॅन हिला. मोजण्याआधी जबडे पुसावेत. हे मी तिला चार वर्षे सांगत आहे.

३. बेसबॉलच्या कार्डांचे दुकानदार मि. झिल्के यांना काहीही नाही. त्यांच्याकडील एका कार्डाच्या कडा, नव्या दिसाव्यात म्हणून, कापलेल्या आहेत असे मी म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, भावाला पाठव. त्याला कळेल." मी तिथेच मोजून दाखवले. रुंदी पाऊण मिलिमीटर कमी होती. दफनविधीला आले तर कॉफी द्यावी.

४. बाबांनी, म्हणजे हार्लन व्हँडरलूप यांनी, मला दिलेली बेसबॉलची सहाशे बारा कार्डे, बुटांच्या दोन खोक्यांसह, थोरला भाऊ गॉर्डन याला.

ही कार्डे बाबांनी शाळेत असताना च्युइंगमच्या पाकिटांतून जमवली. कोपरे झिजले आहेत. काहींना अजून च्युइंगमवरच्या त्या गोड गुलाबी भुकटीचा वास आहे. एखादा खेळाडू दुसऱ्या संघात गेल्याचे रेडिओवर कळले, की बाबा जुन्या संघाच्या नावावर निळ्या बॉलपेनने रेघ मारून वर नवे नाव लिहीत. गल्लीतली सगळी मुले तसेच करत. दुकानदार याला खराबी म्हणतात. बाबा म्हणत, "अगं, तो तिकडे खेळायला लागला, मग कार्ड खोटं नाही का पडणार?" बारा वर्षांच्या बाबांचे अक्षर या कार्डांखेरीज कुठेही उरलेले नाही. जुनी कार्डे कशाला जपायची, याचे माझ्याकडे एवढेच उत्तर आहे.

५. यांपैकी डेल क्रोकर या खेळाडूच्या कार्डावर रेघ नाही. गॉर्डनला त्यासाठी गिऱ्हाईक मिळाले आहे. मी कार्ड देत नाही म्हणून थँक्सगिव्हिंगला तो टर्कीची सुरी हातात धरूनच म्हणाला, "बाबांनी जन्मात एक कार्ड धड ठेवलं, कोरी, आणि तू त्याच्यावर अंडी उबवतेयस!" मी "बटाटे दे" एवढेच म्हटले. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

खरी गोष्ट अशी. ते कार्ड बाबांनी कोरे ठेवलेले नव्हते. मी वीस वर्षांची असताना, त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवसासाठी, प्रयोगशाळेतील द्रावणाने मी त्यावरची शाई काढली. काम निर्दोष झाले होते. बाबांनी कार्ड उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हे कुणाचं गं?" मी सांगितल्यावर म्हणाले, "छान केलंस हं, बाळा." पुढे बाबा गेल्यावर खोके माझ्याकडे आले, तेव्हा ते कार्ड इतरांत नव्हते. तळाशी, वेगळ्या पाकिटात होते.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही.

६. गॉर्डनने कार्डे ठेवावीत किंवा विकावीत. अट एकच. क्रोकरचे कार्ड घेणाऱ्याला शाई काढल्याचे लेखी सांगावे. गिऱ्हाईक बहुधा मागे फिरेल. तो दोष माझा, गॉर्डनचा नाही.

विकण्याआधी त्याने एक करावे. खोलीत अंधार करावा आणि टेबलावरचा दिवा डावीकडून, कार्डाला जवळजवळ टेकवून, आडवा धरावा. द्रावणाने शाई जाते, पेनचा दाब जात नाही. मिल्वॉकी या जुन्या संघाच्या नावावरची रेघ दिसेल. तिच्या वर "पिट्सबर्ग" दिसेल. इंग्रजीत त्यात दोन टी लागतात, बाबांनी एक गाळला आहे.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी याची एक प्रत रविवारी चर्च सुटल्यावर गॉर्डनच्या हातात देणार आहे. वारस असल्यामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही. वाचायला मात्र कायद्याची हरकत नाही, आणि काय बोलायचे ते त्याला माझ्या तोंडावर बोलता येईल.

सही: कॉरिन मे व्हँडरलूप
किंबर्ली, विस्कॉन्सिन. शुक्रवार, १२ एप्रिल १९९१

तिने आमच्यासमोर आणि आम्ही तिच्यासमोर सही केली:
१. लॉइड हीतपास, शेजारी
२. बर्नाडीन हीतपास, शेजारीण