कधीच मतभेद झाला नाही

शनिवार, ९ ऑगस्ट. अड्यार, चेन्नई.

आज माझ्या पत्नीच्या, सुमतीच्या शोकसभेत, सर्वोच्च न्यायालयात तिच्या शेजारी बसलेले निवृत्त न्यायमूर्ती म्हणाले, "आम्हां दोघांत कधीच मतभेद झाला नाही." सभागृहाने माना डोलावल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली.

मतभेद झाला नाही? नदीकाठची वस्ती उठविण्याच्या खटल्यात तिघा न्यायमूर्तींपैकी एकट्या सुमतीने यांच्या मताविरुद्ध वेगळा निकाल लिहिला. साऱ्या कारकिर्दीतील तेवढीच पाने तिने मला मोठ्याने वाचून दाखविली होती.

कॉफीच्या वेळी मी त्यांना हे स्पष्ट सांगितले. ते हसले. "सर, आज ते कशाला? गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे."

म्हणजे तिचा तो निकाल वाईटात जमा.

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "अप्पा, ती शाल तरी काढा. घामाने भिजला आहात." शाल अजून माझ्या अंगावरच होती. मी ती घेतलीच कशी?

जिवंतपणी जी त्यांच्यापुढे नमली नाही, तिला त्यांनी मेल्यावर सहमत करून टाकले. उद्या शाल परत पाठविणार. सोबत तिच्या निकालाचे पहिले वाक्य, माझ्या अक्षरात: "मला हे मान्य नाही."